इंजनघराची खिडकी

५ जानेवारी, रविवार

सिलिंडर— मी. पिस्टन आणि त्याच्या दोन रिंगा— मी. क्रँक, कनेक्टिंग रॉड, दोन्ही बेअरिंगं— मी. मोठं चाक, नऊ इंची, आठ आऱ्यांचं— साचा मी केला, ओतलं फाउंड्रीनं. पण तीन चाकं परत पाठवून चौथं घेतलं, म्हणजे तेही माझंच. वेग आवरणाऱ्या गव्हर्नरचे दोन पितळी गोळे, वजनात गुंजेचा फरक नाही— मी. बॉयलर आईच्या तांब्याच्या बंबाचा पत्रा कापून, चांदीची झाळ देऊन— मी. रिव्हेट सगळे हातानं ठोकलेले. भोंगा, करंगळीएवढा— मी. विकत आणलं ते फक्त प्रेशरचं घड्याळ. तेही उघडून नीट करावं लागलं!

कुणी शिकवलं नाही. आयटीआयचं तोंड पाहिलं नाही. दहावीनंतर लेथवर उभा राहिलो तो अजून उभाच आहे.

माप फुटाला एक इंच. जुन्या जालन्याच्या जिनिंगमध्ये— कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात— वाफेचं जे मोठं इंजिन होतं, त्याचं हे लेकरू. आबा— माझे वडील, मल्हारी ड्रायव्हर— आयुष्यभर त्या इंजिनावर होते. मी अकरा वर्षांचा असताना ते भंगारात गेलं. वितळून कुणाच्या तरी घराच्या स्लॅबात सळई होऊन बसलं असेल. गावभर सळयांचे कारखाने, जालन्यात दुसरं काय होणार लोखंडाचं!

आज सगळे भाग पहिल्यांदा एकत्र बसवले. हातानं चाक फिरवलं. कुठं अडलं नाही. उषाला हाक मारली. ती तांदूळ निवडत होती. आली, पाहिलं, म्हणाली, "छान झालंय. जेवायला या."

सात वर्षं! अन् छान झालंय.

९ जानेवारी

कॉम्प्रेसरच्या हवेवर लावून पाहिलं. पिस्टनचा दांडा सिलिंडरमधून बाहेर येतो तिथं फुसफुस. वाफ गळू नये म्हणून तिथं दोरी ठासतात. बाजारातली बारीकात बारीक दोरी आणली तरी या इंजिनाला ती म्हणजे चऱ्हाट.

१२ जानेवारी

उषा देवासाठी वाती वळत बसली होती. मांडीवर कापूस, बोटांना राख. बोटांतून वात अशी निघते जशी काही आधीपासून कापसात होतीच. मी पाहत राहिलो. लांब, बारीक, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी. माझ्या लेथला जमणार नाही.

मागितल्या.

"देवाच्या वाती इंजनाला?"

"तेलात भिजवून ठासतो."

"आधी आंघोळ करा, मंग हात लावा."

आंघोळ केली. दिल्या पाच. ठासल्या, वरून नट आवळला. गळणं बंद. बिलकुल!

तिला सांगितलं तर म्हणते, "मंग आता लोकांना सांगताना सगळं मीच केलं असं सांगत फिरू नका. वाती सोडून, म्हणा."

लिहून ठेवतो. वाती— उषा.

१९ जानेवारी

ओमप्रकाशसेठच्या ऑफिसात गेलो होतो. जिनिंग त्यांच्या आजोबांची. त्यांच्या खुर्चीमागं भिंतीवर इंजिनाचा जुना फोटो आहे— त्यावरूनच मी सगळं माप काढलं. सात वर्षांपूर्वी परवानगी घेऊन त्या फोटोपुढं तीन दुपारी पट्टी घेऊन बसलो होतो. मागच्या भिंतीच्या विटा मोजल्या, विटेवरून चाक काढलं, चाकावरून बाकी सगळं.

फोटो खंडेनवमीच्या यंत्रपूजेचा. चाकाला झेंडूची माळ, खाली नारळ, मधोमध सेठचे आजोबा पगडी घालून. डाव्या कडेला एक कोपर आणि अर्धा सदरा. तो सदरा आबांचा. फोटोवाल्याला अख्खा माणूस मावला नाही.

सेठना म्हणालो, तयार झालंय, येऊन बघा. "जरूर, जरूर," म्हणाले. मोबाइल चालूच होता.

परत येताना इंजनघराच्या गल्लीतून आलो. जिनिंग पाडलीय, इंजनघर तेवढं उभं आहे. दगडी, वर विटा. दाराला कुलूप, आत मंडपवाल्याच्या खुर्च्या. चारला शाळा सुटली की मी पळत इथंच यायचो. आबांच्या शेजारी स्टूल होतं, त्यावर बसायचो. समोर चाक. दीड पुरुष उंच. वरची बाजू डावीकडून उजवीकडं, घड्याळाच्या काट्यासारखी, अन् जमीन पायाखाली अशी थरथरायची की दात कडकडायचे. सगळं लख्ख आठवतं. रेणूला— मुलीला— लहानपणी हेच सांगून झोपवलंय मी.

२६ जानेवारी

आज वाफेवर!

आधी बॉयलर पाण्यानं भरून दुप्पट दाब देऊन पाहिला. एक थेंब नाही. नळाला आठ दिवसांतून एकदा पाणी, तेही क्षाराचं. ते बंबाच्या तांब्यात घालवत नाही. फिल्टरच्या जारमधलं ओतलं. उषा दारात. "घरात माणसं नळाचं उकळून पिऊन राह्यलेत अन् इंजनाला फिल्टरचं! जावई आहे का तुमचा?"

जळण पऱ्हाटीचं, कापसाच्या वाळल्या झाडांचं. जिनिंगच्या बॉयलरलाही पऱ्हाटीच लागायची, गाड्याच्या गाड्या. मी बोटाएवढे तुकडे करून ठेवलेत. घड्याळाचा काटा चढत गेला. झडप उघडली. चाक एकदा हललं, थांबलं, मग जे सुटलं—! घड्याळाच्या काट्यासारखं, डावीकडून उजवीकडं. माझ्या डोक्यात जसं आहे तसं.

भोंगा वाजवला. चिमणीएवढा आवाज. पण स्वर तोच. गल्लीतलं कुत्रं उठून बसलं.

आणि वास. पऱ्हाटीचा धूर, गरम तेल, ओली वाफ. उषा शेतकऱ्याच्या घरची. म्हणाली, "पऱ्हाटीच्या धुराचं काय कौतुक? चुलीपुढं आमचा जन्म गेला त्यात."

आबांचा सदरा संध्याकाळी खुंटीवर असायचा, त्याचा हा वास. मी पाणी संपेपर्यंत चालवलं.

२ फेब्रुवारी

सेठ आले. गाडी गल्लीत शिरेना, चालत आले. पाहिलं. पुन्हा पाहिलं. मोबाइल खिशात ठेवला.

"वसंतराव, कमाल केलीत. दीड लाख देतो. आत्ता."

मी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं अजून!

जिनिंगच्या जागेवर लॉन आणि मंगल कार्यालय होतंय. इंजनघर पाडायचं नाही, तिथं रिसेप्शन करणार. बरोबर जुन्या चौथऱ्यावर काचेची पेटी. "खाली छोटी मोटर बसवा. पाहुण्यांनी बटण दाबलं की चाक फिरलं पाहिजे. लोक फोटो काढतील."

"मोटर? वाफेच्या इंजिनाला?"

"वाफ-बिफ कुठं करत बसता? नव्या पेंटचं वाटोळं होईल."

मी तीन गोष्टी सांगितल्या. ते त्याच चौथऱ्यावर राहील. चालेल तर वाफेवरच, वर्षातून एकदा का होईना. आणि पाटीवर मल्हारी ड्रायव्हरचं नाव.

"पाटी आजोबांच्या नावाची येईल. बाकी बघू ना, घरचंच आहे."

ते गेल्यावर उषा म्हणाली, "लेथच्या शेडवर स्लॅब पडेल. पत्र्याखाली मे महिन्यात भाकरी भाजतील तुमच्यावर. हो म्हणा."

म्हणावंसं वाटतंय. पैशासाठी नाही. इंजिन त्या दारातून परत आत जाईल. आणि त्याच्यासोबत मीही जाईन. आबांच्या जागी उभा राहून झडप उघडेन. बाकी मला काय पाहिजे?

पण त्याआधी एका माणसानं ते पाहिलं पाहिजे.

९ फेब्रुवारी

घनसावंगीला जाऊन आलो. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, बस त्यांच्या मागं रांगत होती. तातेरावकाका तिथं लेकीकडं राहतात. लेक दीपमाला, शाळेत मास्तरीण आहे. काका आबांच्या हाताखाली ऑइलमन होते. इंजिन चालू असताना त्याला तेल देण्याचं काम. इंजनघरातला जिवंत माणूस आता एवढा एकच.

"जय भीम, काका."

"जय भीम. कोण?" मग जवळ येऊन, "मल्हारीचा वसंता! तुझं नाक तेवढं बापाचं न्हाई, बाकी तोच."

इंजिनाचं सांगितलं. पुढच्या रविवारी येतो म्हणाले. "चालतं ना रे? का नुसतं ठेवायचं?"

"चालतं!"

१६ फेब्रुवारी

लिहावं की नाही—

काकांनी शेडच्या उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. मी म्हणालो, राहू द्या. म्हणाले, "इंजनघरात न्हाई घालत." मग इंजिनाभोवती फिरले, हात मागं बांधून, कुठंही न शिवता. "गव्हर्नर बराबर. तेलाच्या वाट्या बराबर. आऱ्या आठ, बराबर." प्रत्येक 'बराबर'ला मी अर्धा इंच वाढत होतो.

वाफ केली. झडप उघडली. चाक फिरलं. काका थोडा वेळ पाहत राहिले.

"थांबव."

"का?"

"उलटं फिरून राह्यलंय हे."

मला वाटलं, वयानं गोंधळले. म्हणालो, काका, नीट बघा. ते म्हणाले, "ब्याऐंशीचा आहे, आंधळा न्हाई. चाकाचा माथा सिलिंडरकडं यायचा. तेल उडायचं ते सिलिंडरच्या अंगाला. तिथं मी उभा. गिरिजा, माझी बायको, सदरे धुवून थकली— तिला जिवंत कर अन् इचार."

"मी रोज पाहिलंय, काका. चार वाजल्यापासून. आबांच्या शेजारी बसून."

"कुठं बसून?"

"आबांच्या शेजारी. स्टुलावर."

काका माझ्याकडं पाहत राहिले. मग उषाकडं पाहिलं. मग म्हणाले, "चहा टाका की बाई."

त्यावर एक शब्द बोलले नाहीत. गाडीवर बसवून बसस्टँडवर सोडलं, तिकीट काढून दिलं. घरी आलो तर उषा कडाडली. "म्हाताऱ्या माणसाला जेवू न घालता सोडून आलात? चाकासाठी?"

१७ फेब्रुवारी

उलटं नाही.

२० फेब्रुवारी

माझ्या हातून चूक होत नाही असं मी म्हणत नाही. पण ही चूक नाही.

(मोबाइलवर त्या फोटोचा फोटो आहे, तो मोठा करून पाहिला. सिलिंडरच्या बाजूला भिंतीवर पत्रा ठोकलेला आहे. तेल उडू नये म्हणून ठोकतात तसा. दुसऱ्या बाजूला नाही. सात वर्षं तो पत्रा मी पाहतोय. मापून ठेवलाय. कशासाठी आहे हे विचारलं नाही स्वतःला.)

२३ फेब्रुवारी

आज नुसत्या हवेवर इंजिन चालू ठेवून काम करत होतो. तेलाची झारी पलीकडच्या फळीवर, म्हणून इंजिनाला वळसा घालून मागच्या बाजूला गेलो. झारी घेतली, मान वर केली.

इकडून चाक उलटं फिरत होतं.

साधी गोष्ट आहे. चालतं घड्याळ मागून पाहिलं तर काटे उलटे फिरतील. शाळेतल्या पोरालाही कळतं. मी झारी हातात धरून तिथंच बसलो.

म्हणजे काका म्हणतात तसं चाक फिरवलं, आणि समोर न राहता मागच्या बाजूला उभं राहिलं, तर ते मी म्हणतो तसं दिसेल. घड्याळाच्या काट्यासारखं. दोघंही खरं बोलतोय. दोघांनीही डोळ्यांनी पाहिलंय. फक्त एक जण एका बाजूला होता, एक जण दुसऱ्या.

दुसऱ्या बाजूला काय होतं?

भिंत. भिंतीत खिडकी. खिडकीबाहेर गल्ली.

२४ फेब्रुवारी

आत गेलो होतो. हे खोटं नाही. स्टूल होतं, आबांनी उचलून बसवलं होतं, हातावर पेढा ठेवला होता. पितळेचा वास अजून आहे नाकात. पण चाकाला तेव्हा माळ होती झेंडूची. खंडेनवमी होती. त्या दिवशी यंत्राला काम देत नाहीत. इंजिन थंड. वर्षातून त्या एका दिवशी कामगारांच्या पोरांना आत घ्यायचे.

स्टूल खरं. फिरणारं चाक खरं. पण दोन्ही एका दिवशीचं नाही! दोन्हींचा एक सांधा मी कधी, कसा केला मला माहीत नाही. इतका बेमालूम केला की माझ्याच बोटाला लागला नाही.

चालतं इंजिन मी आतून कधी पाहिलेलंच नाही. गल्लीतून पाहिलंय. खिडकीतून फक्त चाक दिसायचं. सिलिंडर नाही, आबा नाही.

उषाला सांगितलं नाही.

२ मार्च

पुन्हा घनसावंगी. काका ओट्यावर उन्हात बसले होते. मला पाहून सरकले, जागा केली.

"आलं ध्यानात?"

"त्या दिवशी बोलला का नाहीत, काका?"

"तुझ्या बायकोपुढं? तुझ्या बापाचं इंजन, तुझं स्टूल. मी कामून मोडू?"

विचारलं, आबा मला आत का येऊ देत नव्हते. काका म्हणाले, एका हमालाचा हात पट्ट्यात गेल्ता, तेव्हापासून मल्हारीनं दारात पोर दिसू दिलं नाही. "अन् दुसरं बी होतं. म्हणायचा, माझ्या पोरानं हे जवळून पाह्यलं तर तो इंजनवालाच होईल. त्याला मला कचेरीत बसवायचंय, पंख्याखाली."

मी माझे हात पाहिले. काकांनीही पाहिले. दोघंही हसलो.

मग ते म्हणाले, "तुला खिडकीतून दिसायचं कसं रे?"

"कसं म्हणजे? फट होती खाली."

"फट! फळ्यांची खिडकी होती ती, आतून अडसर. खालची फळी काढल्याबिगर मुंगी न्हाई पाहू शकत आत. कोण काढायचं?"

काकाच पुढं सांगू लागले.

"चारच्या सुमाराला. रोज. गल्लीची सगळी धूळ आत. मुनीम बोंबलायचा, मल्हारी, फळी लाव! हा म्हणायचा, गरम होऊन राह्यलंय. आरं, बारा महिने गरमच असतंय इंजनघर! पौषात बी काढायचा. मंग तू आला की मला म्हणायचा, तात्या, जरा बाजूला हो."

"तुम्हाला? का?"

"मी मधी येत होतो ना. तुझ्या अन् चाकाच्या."

दीपमालाताईंनी चहा आणला. चहा पिऊन झाल्यावर विचारलं, आबा कधी खिडकीकडं वळून पाहायचे का.

"कधीच न्हाई. पाह्यलं असतं तर तू पळाला असता."

२ मार्च, पुन्हा

बसमध्ये उभा राहून आलो. जागा होती.

९ मार्च

चाकाच्या आसावरची तिरकी चकती— एक्सेन्ट्रिक— कोणत्या बाजूनं आधी वाफ सोडायची हे ती ठरवते. चाक सुलटं करायचं तर ती फिरवून बसवायची. दहा मिनिटांचं काम. पण मी ती आरपार भोक पाडून पिन ठोकून कायमची पक्की केली होती. शंका नव्हती ना मला! जुन्या भोकाशेजारी नवं भोक घेणं मला पसंत नाही. नवी चकती केली. चार दिवस गेले.

जुनी फेकली नाही.

पिस्टनचा दांडा काढताना वाती चुरगळल्या. सांगायला गेलो तर उषानं पाच काढून दिल्या. वळून ठेवलेल्या होत्या. मग तिला सगळं सांगितलं— स्टुलाचं, खिडकीचं, फळीचं. तिनं कापूस खाली ठेवला. म्हणाली, "मामंजी आपलं लग्न जमायच्या टायमाला आमच्या घरी आल्ते. माझ्या वडलांना म्हणाले, पोरगं लोखंडात हात घालतंय, पण हात चांगला आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल."

कुणीच सांगितलं नव्हतं.

३० मार्च, पाडवा

सेठ गुढीच्या दिवशी पेढे घेऊन आले. अडीच लाख म्हणाले. मी म्हणालो, आधी एकदा इंजनघरात वाफेवर चालवून बघू द्या, मग बोलू. कबूल झाले. रंगकाम व्हायच्या आत करा म्हणाले.

कोणत्या बाजूला फिरतंय ते बदललं, हे त्यांना सांगितलं. "अहो, उलटं-सुलटं कुणाला कळतंय, मिस्त्री!"

१३ एप्रिल, रविवार

काका सकाळच्या बसनं आले. "सांजच्याला मला सोड बरं. उद्या चौदा एप्रिल, नातवंडं वाट पाहतील." नवा पांढरा सदरा घालून आले होते. मी म्हणालो, तेल उडेल. म्हणाले, "उडू दे की."

इंजिन एका ऑटोत, बॉयलर दुसऱ्या ऑटोत, मांडीवर घेऊन. सेठनं कुलूप काढलं, दार उघडलं. खुर्च्या हलवल्या होत्या. जुना चौथरा तिथंच आहे, बोल्टांची भोकं तशीच. आत थंड आणि अंधारं. काकांनी चपला काढल्या. मीही काढल्या. सेठनं आमच्याकडं पाहून बूट काढले!

चौथऱ्यावर मांडलं. फोटोत आहे तसं. पऱ्हाटी पेटवली. काटा चढला. सेठ म्हणाले, "चला वसंतराव, तुमच्याच हातानं." झडप माझ्यापुढं होती. आबांची जागा. सात वर्षं— सात कसली— याच जागेसाठी मी सगळं केलं होतं.

"काका, तुम्ही चालवा," म्हणालो.

"अन् तू?"

"मी बाहेर जातो."

सेठ मागून ओरडले, "अहो, आता तर सुरू होतंय! आत या की!" मी दारातून बाहेर, कोपऱ्यावरून वळून गल्लीत. उषा मागं मागं. "कुठं निघालात? चपला तरी—" खिडकीच्या फळ्या केव्हाच कुजून गेल्यात, नुसती चौकट आहे. लहानपणी टाचा वर कराव्या लागायच्या. आता चौकट छातीला लागते. मी वाकलो, हनुवटी तिथं टेकली जिथं तेव्हा टेकायची.

आत काकांनी झडप उघडली.

चाक फिरलं. वरची बाजू डावीकडून उजवीकडं. घड्याळाच्या काट्यासारखं. बराबर. आतून काकांचं खरं, इथून माझं खरं. एवढंसं नऊ इंचांचं चाक, पण हनुवटी दगडावर होती, दगड थरथरत नव्हता तरी मला दात आवळून धरावे लागले.

काका झारी घेऊन मागच्या बाजूला आले, बेअरिंगला तेल द्यायला. त्यांची पाठ मधे आली. मग त्यांनी मान वळवली नाही, खिडकीकडं पाहिलं नाही. नुसते बाजूला झाले.

उषानं माझा दंड धरला होता.

भोंगा वाजला. गल्लीतून जाणारी एक बाई थांबली, कडेवरचं पोर तिनं चौकटीवर बसवलं. मी सरकलो, जागा केली.

परत आत आल्यावर सेठ खूश. काकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर सिलिंडरच्या बाजूनं तेलाचे बारीक ठिपके. ते मला बोटानं दाखवून म्हणाले, "इचार आता गिरिजाला."

खिडकीखाली विटांचा ढीग आणि सिमेंटच्या दोन गोण्या होत्या. सेठ म्हणाले, खिडकी बुजवायचीय, एसी बसणार आहे.

२० एप्रिल

सेठकडं गेलो. म्हणालो, मोटर बसवा हवी तर. पाटी तुमच्या आजोबांची लावा. खिडकी तेवढी ठेवा.

"एसीची हवा बाहेर जाईल, वसंतराव."

"काच बसवा."

"गल्लीतली पोरं तोंड लावून डोकावतील. मोठमोठ्या लोकांची लग्नं होणार तिथं."

"डोकावू द्या की."

ते हसले. मी काहीतरी गंमत केली असं वाटलं त्यांना. त्यांची चूक नाही. ते कायम दारानं आत गेलेत.

२४ एप्रिल

बेचाळीस डिग्री. शेडमध्ये लेथच्या हँडलला हात लावता येत नाही. उषा स्लॅबचं बोलली नाही.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

शेडच्या गल्लीकडच्या अंगाचा खालचा पत्रा काढला. इंजिन फिरवून ठेवलं, पाठ गल्लीकडं. उषा म्हणाली, धूळ येईल. म्हणालो, गरम होतंय.

सेठचा फोन आल्ता. मोटर नको, वाफेवरच चालवा. चौथरा तोच. पाटीवर आजोबांच्या खाली मल्हारी ड्रायव्हरचं नाव, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. मागितलं ते सगळं. खिडकी मात्र काल बुजवली. मी नाही म्हणालो. आकडा उषा लिहायला सांगते, पुढं कुणाला खरं वाटायचं नाही म्हणून— चार लाख.